ब्रेक काढताना जपून!

ट्यूमर सप्रेसर जनुके म्हणजे पेशींच्या वाढीचे ब्रेक. ते निकामी झाले तर कर्करोग होऊ शकतो. हेच ब्रेक रोगांशी लढणाऱ्या टी-पेशींतही असतात.

कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देतात. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी रक्ताच्या कर्करोगाचा एक रुग्ण मांडला. त्याच्या अशा एका पेशीतील ‘टेट२’ जनुक योगायोगाने बिघडले. तिची फौज वाढली, कर्करोग हटला.

मग मुद्दाम ब्रेक काढावेत? घाई नको. बेलगाम टी-पेशी स्वतःच कर्करोगग्रस्त होऊ शकते. अमेरिकी औषध नियामकाने २०२४ मध्ये कार-टीवर तसा इशारा सक्तीचा केला.

धोका विरळ आहे. उपचार नाकारू नका. पण आयआयटी मुंबई-टाटा मेमोरियलची कार-टी २०२३ पासून देशात मंजूर आहे. या रुग्णांवर आयुष्यभर, परवडेल अशा खर्चात लक्ष ठेवायलाच हवे.