केंद्र बंद करा म्हणता, मग कचरा कुठे न्यायचा?

भाजी मंडईमागचं सुक्या कचऱ्याचं केंद्र बंद करा, असं निवेदन सध्या सोसायट्यांमधून सह्यांसाठी फिरतंय. कारणं दिलीत वास, माशा आणि "भागाची शोभा जाते". मी सही केलेली नाही, करणारही नाही. का, ते इथे सगळ्यांसमोर लिहितो.

वास नेमका कशाचा येतो हो? पुठ्ठ्याला येत नाही, काचेच्या बाटलीला येत नाही, रद्दीला तर नाहीच. वास येतो तो रात्री शटर बंद झाल्यावर गाडीतून न उतरता भिरकावलेल्या पिशव्यांचा. त्यात उरलेली बिर्याणी असते, डायपर असतात, देवाचं निर्माल्यसुद्धा असतं! या पिशव्या टाकायला मंगळावरून कोणी येत नाही. सही करण्याआधी एकदा आपल्याच पार्किंगमध्ये चौकशी करा.

आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या दोघी मावशी? त्यांना पगार नाही. वेगळा केलेला माल भंगारवाल्याला विकून जे मिळेल ते. कोरड्या पुठ्ठ्याला भाव आहे, आमटीत भिजलेल्याला कोणी हात लावत नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर विकली जाते. चिप्सच्या चकचकीत पाकिटांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ती भंगारवाला घेत नाही. थर्माकोल जागा खातो, वजन काहीच नाही. "रिसायकलिंगला दिलं बुवा" म्हणून आपण हात झटकतो, आणि त्यातला कितीतरी माल त्यांना नुसता उचलून बाजूला टाकावा लागतो. फुकट.

प्रशासनालाही सोडत नाही. केंद्र सकाळी 11 ते 4 उघडं, रविवारी बंद. नोकरी करणाऱ्या माणसाने यायचं कधी? फलकावर फक्त "सुका कचरा" लिहिलंय, काय घेतात, काय नाही, याचा पत्ता नाही. न विकला जाणारा माल न्यायला गाडी दोन-दोन आठवडे फिरकत नाही. नळ नाही, दिवा नाही. अशा जागेची कचराकुंडी होणार नाही तर काय बाग होणार?

पण म्हणून केंद्रच बंद? 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना माल वेगळा करायला पुरेशी जागा देणं ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली होती. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा देणं ही आपली, तेही त्याच नियमांत होतं. इथलं शेड गेलं की हे सगळं एकत्र होऊन डेपोवर जाणार. पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला, त्यासाठी आंदोलनं केली. मुंबईत देवनारला 2016 मध्ये आग लागली तेव्हाचा धूर आठवतोय ना? तिथल्या लोकांना शोभा नको असते का?

निवेदन द्यायचंच तर हे द्या: केंद्र सकाळी लवकर आणि संध्याकाळी उघडं ठेवा, आठवड्यातून दोनदा गाडी पाठवा, नळ आणि दिवा द्या, चित्रांचा फलक लावा, आणि मावशींना ठरलेलं मानधन द्या. मसुदा तयार आहे. शनिवारी 11 वाजता केंद्रासमोर सह्या घेतोय. येताना घरातला सुका कचरा घेऊन या, आणि दुधाच्या पिशव्या तेवढ्या धुऊन आणा.