त्याला कुशीवर वळवा

गेल्या पावसाळ्यात दादर स्टेशनबाहेर एक माणूस फुटपाथवर पालथा पडला होता. लोक नाकाला रुमाल लावून वळसा घालत होते. बीटवरचा हवालदार काठी बगलेत धरून उकिडवा बसला, ‘काका, ऐकू येतंय का?’ म्हणत त्यानं त्याला कुशीवर वळवलं आणि डोक्यामागे हात फिरवून रक्त आहे का ते पाहिलं. तो हात मला फार मोलाचा वाटला. डोक्याला मार बसलेला किंवा साखर एकदम उतरलेला मधुमेहीही असाच बरळतो, झोकांड्या खातो. त्याला बेवडा समजून कोठडीत टाकलं, तर सकाळी तो उठेलच असं नाही.

नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन केल्यास जुन्या दंड संहितेत २४ तासांपर्यंत कैद किंवा १० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम ३५५ नं दंड हजारापर्यंत नेला, समाजसेवेची शिक्षाही आणली. १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. पण रात्री दोन वाजता हवालदारानं माणूस न्यायचा कुठे? ठाण्यात, नाहीतर सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत. नर्सच्या नजरेखाली शुद्धीवर येता येईल अशा चार खाटा प्रत्येक परिमंडळात हव्यात, आणि त्या महापालिकेनं द्यायला हव्यात.