नऊ तासांची वाट

जेसल पार्कच्या खाडीकाठीं सायंकाळीं फिरावयास जाणाऱ्या वडील मंडळींच्या तोंडीं एक वाक्य वारंवार ऐकूं येतें : "लंडन म्हणजे काय, नऊ तासांची वाट!" ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांच्या मनास ह्या वाक्यानें धीर येतो, हें आम्ही जाणतों. तथापि हें माप अपुरें आहे आणि प्रसंगीं तें घात करितें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम अंतराचीच गोष्ट घेऊं. शाळेच्या भिंतीवरील नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेविली तर रेघ इराक व तुर्कस्थान ह्यांवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरिला तर तो उत्तरेकडे सरकून कॅस्पियन व काळ्या समुद्रावरून जातो. हीच सर्वांत जवळची वाट; ती सुमारें ७,२०० किलोमीटर भरते. परंतु विमान दोऱ्यावरून चालत नाहीं. २०२२ सालीं युक्रेनांत युद्ध पेटलें, तेथील आकाश नागरी विमानांस बंद झालें आणि वाटेस वळसा पडला. शिवाय उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा विमानास जातांना अडवितो व येतांना ढकलतो.

सुधारणा झाली नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. २९ ऑगस्ट १९३१ रोजीं गांधीजी गोलमेज परिषदेसाठीं 'राजपुताना' बोटीनें मुंबईहून निघाले, ते मार्सेल्स येथें उतरून १२ सप्टेंबरला लंडनास पोहोंचले. ८ जून १९४८ रोजीं निघालेलें एअर इंडियाचें पहिलें विलायती विमान कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें. आज मध्यें कोठेंही न उतरतां जातां येतें.

पण घराच्या उंबऱ्यापासून मोजून पाहा. भाईंदर स्टेशन, अंधेरीपर्यंत लोकल (सकाळच्या गर्दींत पेटी घेऊन ज्यानें डब्यांत शिरून दाखविलें, त्यास आमचा नमस्कार), पुढें रिक्षा, विमानतळावर तीन तास आधीं हजेरी आणि उतरल्यावर पारपत्राची रांग. नवाचे सोळा तास सहज होतात.

सुखाच्या प्रवासांत ह्याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु समजा, हिवाळ्यांत सकाळीं सहा वाजतां येथें आईनें डोळे मिटले. लंडनांत तेव्हां रात्रीचा साडेबाराचा सुमार. मुलगा तसाच उठला आणि सुदैवानें त्यास सकाळीं साडेनऊचें विमान मिळालें, तरी तें येथें उतरतें मध्यरात्रीं; घरीं पोहोंचेपर्यंत दोन वाजतात. म्हणजे वीस तास! इकडे दारांत जमलेले लोक विचारितात, "मुलगा केव्हां येतो?" घरचे भाबडेपणानें उत्तरतात, "नऊ तासांत." त्या उत्तराच्या भरंवशावर सायंकाळचा विधि ठरतो, मग मंडळी ताटकळतात, आणि शेवटीं मुलाची वाट न पाहतां सारें उरकावें लागतें. पुढें वर्षानुवर्षें घरांत बोल लागतो तो मुलास, कीं त्यानें उशीर केला. त्यानें एक घटकाही दवडलेली नसते.

म्हणून मूल परदेशीं धाडतांना आईबापांनीं हा हिशेब एकदां त्याच्यासमोर कागदावर मांडावा, आणि तसा प्रसंग आल्यास थांबावयाचें कीं नाहीं, हें त्याच वेळीं त्याच्याशीं बोलून ठेवावें.