इंजिनाच्या पोटातले पाणी

व्यंकोजीराजांचे तंजावर म्हणजे तमिळनाडूचे भाताचे कोठार. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे पाणी लांबले, की येथील कुरुवै भाताला पंपाचाच आधार. ऐन लावणीत डिझेल इंजिन तापून बंद पडले, तर रोपे माना टाकतात.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जळत्या वायूचे तापमान २००० अंश सेल्सियसच्या आसपास पोचते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, १२०० अंशांच्या सुमारास वितळते. तरीही इंजिन टिकते. कारण सिलिंडरभोवतीच्या बिडाच्या ठोकळ्यात पोकळी ठेवून तिच्यातून पाणी खेळवलेले असते.

हिशेब सोपा आहे. ५ अश्वशक्तीचे इंजिन पाण्याला सुमारे पावणेचार किलोवॅट उष्णता देते असे धरा. मिनिटाला ६ लिटर पाणी गेले, तर ते साधारण ९ अंशांनी तापेल. ३ लिटरच गेले, तर १८ अंशांनी. अभियंते संगणकावर हेच करतात. फक्त ते ठोकळ्याचे हजारो बारीक तुकडे कल्पून प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला किती उष्णता देतो, ते काढतात. कोणता कोपरा जास्त तापेल, हे मग ओतकामाआधीच समजते.

वापरात मात्र पाण्यातले क्षार हा हिशेब बिघडवतात. त्यांचा एक मिलिमीटरचा थर दोन सेंटिमीटरांहून जाड बिडाइतकी उष्णता अडवतो. म्हणून पोकळी वेळच्या वेळी साफ करून घ्यावी. आणि तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी कधीच ओतू नये, बीड तडकते!