मूठ जमली पाहिजे, बॉस!

शूटिंगच्या नादाला लागलेला माणूस पैसे कशावर उडवतो? आधी जॅकेटवर. मग शूजवर. मग थेट नवी रायफल! ज्या मुठीत हात घालून आपण तासभर उभे राहतो, त्या मुठीकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. क्लबने जी दिली ती आपली.

हे आठवायचं कारण म्हणजे जालन्याहून आलेलं एका मैत्रिणीचं पत्र. ती तिथल्या एका सळई कंपनीत अकाउंट्स बघते आणि वीकेंडला 10 मीटर एअर रायफल मारते. रायफल क्लबची, उंची पाच फूट, हात लहान. तिच्या आधी तीच रायफल एक सहा फुटी मुलगा वापरायचा. पहिले वीस शॉट झकास जातात, नंतर कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो आणि छर्रे बाजूला पळायला लागतात. सगळे म्हणतात, प्रॅक्टिस वाढव. ती विचारते, ‘माझ्यात टॅलेंटच नाही का? दिवाळीच्या बोनसमधून स्वतःची रायफल घेऊ की सरळ सोडून देऊ?’

थांब गं बाई. दोन्ही नको. आधी मूठ बघ.

ज्यांनी मॅच रायफल पाहिली नाही त्यांच्यासाठी : हिचा दस्ता सिनेमातल्या बंदुकीसारखा एकसंध सरळ नसतो. ट्रिगरच्या मागे पिस्तुलासारखी उभी, हाताच्या आकाराची वेगळी मूठ असते. तीच पिस्तूल ग्रिप. डावखुऱ्यांची वेगळी, उजव्यांची वेगळी, आणि बहुतेक कंपन्यांकडे स्मॉल, मीडियम, लार्ज अशी मापंही. म्हणजे अगदी शर्टासारखं. पण शर्ट ढगळ झाला की आरशात दिसतो, मूठ ढगळ झाली की फक्त स्कोअरमध्ये दिसते.

आणि स्कोअरचं गणित फार क्रूर आहे. या टार्गेटवर दशांशाने मार्क मोजतात तेव्हा 0.1 म्हणजे फक्त 0.25 मिलिमीटर. नळीचं टोक खांद्यापासून 80 सेंटीमीटरवर आहे असं धरलं, तर तिथे हा फरक 0.02 मिलिमीटरचा होतो. केसाच्या जाडीहूनही कमी! आता मूठ जाड असेल तर बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही, नुसतं टोक टेकतं, आणि ट्रिगर सरळ मागे यायच्याऐवजी थोडा बाजूला ढकलला जातो. मूठ फारच बारीक असेल तर उलटं, बोट जास्त आत जातं आणि वळून ओढतं. दोन्हीकडे दोष टॅलेंटचा नाही, मापाचा.

बरं, माप ही काही आजकालची चैन नाही. जालना जिल्ह्याला तर बंदूक मुळीच नवीन नाही. भोकरदन तालुक्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी वेलस्लीची फौज मराठ्यांशी लढली, तेव्हा शिपायाच्या पंजाचं माप कोण घेतंय? पुढे शंभरेक वर्षांत ब्रिटिशांच्याच लक्षात आलं की सगळ्यांचे हात सारखे नसतात. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली ती थ्री-नॉट-थ्री, तिचा लाकडी दस्ता चार लांबींमध्ये मिळायचा! लाखोंनी बंदुका काढणाऱ्या कारखान्यांना जे परवडलं, ते आपल्याला वीकेंडच्या छंदात परवडू नये? जालन्यातच राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 3 आहे. तिथल्या एखाद्या जुन्या जवानाशी ओळख असेल तर दस्त्याची लांबी हा विषय काढून बघा, चहा थंड होईल.

आता आपला फंडा. रायफल रिकामी, सेफ्टी फ्लॅग लावलेला, हे आधी. जॅकेट घालूनच उभे राहा, कारण त्या जाड कॅनव्हासने कोपराची उंची बदलते. नुसत्या टी-शर्टवर बसवलेली मूठ नंतर वेगळीच लागते. डोळे मिटून पोझिशन घ्या, हात मुठीवर आपोआप पडू द्या, मग डोळे उघडा. मनगट सरळ आहे का? की स्कूटीचा अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यासारखं मोडलंय? दिवसभर एक्सेल आणि माउस करून ज्यांचं मनगट आधीच कुरकुरतं, त्यांना हे पटकन कळेल. मोडलेल्या मनगटाचा ताण थेट बोटात उतरतो. मुठीचा कोन बदलायची सोय बऱ्याच रायफलींना असते, एका एलन कीचं काम.

मग तर्जनी. पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर, बोट ट्रिगरशी काटकोनात, आणि बोटाची बाजू लाकडाला कुठेही चिकटलेली नको. बोट आणि लाकूड यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. ट्रिगरची पातीही पुढे-मागे सरकते, हे कित्येकांना वर्षभर माहीतच नसतं! लहान हाताला कधीकधी पाती दोन-तीन मिलिमीटर मागे घेतली तरी निम्मं दुखणं जातं.

राहिली तीन बोटं आणि अंगठा. इथेच सगळ्यांचं गंडतं. उभ्या पोझिशनमध्ये रायफलचा भार डाव्या हाताने पेलायचा असतो (डावखुऱ्यांनी उलटं वाचावं), आणि नियमाने ती साडेपाच किलोपर्यंत भरू शकते. उजव्या हाताला काम किती, तर धरायचं आणि ट्रिगर. पण मूठ मोठी असली की हात ती ‘पकडायला’ जातो, आवळतो, आणि मग तो भरून येणारच. दुकानात दोन मिनिटं हातात घेतलेली मूठ मस्तच वाटते, नव्या चपलेसारखी. मॅच असते 60 शॉटची, 75 मिनिटांची. म्हणून चाचणी एकच : पहिल्या शॉटला जेवढा दाब, तेवढाच साठाव्याला राहतोय का?

आणि हे नवशिक्यांचे चोचले नाहीत हं. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, याने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, 451.4 गुणांवर. त्या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं असतं. पोझिशन बदलली की नेमबाज खांद्याची प्लेट, गालाची पट्टी असं काही ना काही हलवतात, तेही घड्याळ चालू असताना. रायफलीने शरीराजवळ यायचं, शरीराने रायफलीजवळ नाही.

मूठ कितीही हलवून जमत नसेल तर? रायफल नको, फक्त मूठ घ्या. क्लबच्या रायफलीचं मॉडेल बघून त्याच मॉडेलची स्मॉल मूठ मागवायची. बहुतेक मुठी एका बोल्टवर असतात, सेशनला बसवा, जाताना काढून पिशवीत टाका. रायफलीच्या लाखांतल्या किमतीपुढे हा खर्च किरकोळच. क्लबच्या मुठीवर मात्र परस्पर कारागिरी करू नका, पुढच्याचा हात वेगळा असतो.

स्वतःच्या मुठीवर बिनधास्त करा. जिथे पोकळ लागतं तिथे आधी मुलांची क्ले लावून आठवडाभर मारून बघा. खात्री पटली की तिथेच एम-सील, हो, नळाला लावतो तेच! हातावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून, पोझिशनमध्ये उभं राहून एकदाच हलकेच दाबायचं. कुस्करायचं नाही. रात्रभर सुकू द्या, मग सँडपेपर. फार उंचवटे करू नका, कारण एअर रायफलमध्ये हात घसरू नये म्हणून मुठीला काढलेला टेकू चालत नाही. मॅचला जायच्या आधी ती मूठ इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर एकदा दाखवून घ्या.