परिचारिकांची पदवी वरची, पद मात्र तेच

परिचर्या शिक्षणाची चर्चा आपल्याकडे जागा आणि महाविद्यालयांच्या संख्येभोवतीच फिरत राहिली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांना मंजुरी दिली, त्यासाठी १,५७० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली आणि दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडतील, असे जाहीर केले. परंतु पदवीच्याही पुढे शिकलेल्या परिचारिकेने रुग्णालयात नेमके काय करायचे, हा त्याहून जुना प्रश्न मात्र अनुत्तरितच आहे.

परिचर्येतील देशातील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९ मध्ये दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर परिचर्या महाविद्यालयात सुरू झाला. अध्यापक आणि प्रशासक घडविणे ही त्या काळाची गरज होती व ती रास्तही होती. पुढे एम.फिल. आणि पीएच.डी.पर्यंतच्या पायऱ्या तयार झाल्या. मात्र ही शिडी वर्गखोलीकडे जाते, रुग्णाच्या खाटेकडे नाही. एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या परिचारिकेला बढतीची खरी वाट अध्यापनात दिसते. नव्या महाविद्यालयांना शिक्षक लागणार असल्याने ही ओढ आणखी वाढेल. शिक्षक हवेतच, पण सर्वाधिक शिकलेले मनुष्यबळ वॉर्डातून कायमचे बाहेर पडत असेल, तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांची रचना पाहिली, तर हा पेच अधिक स्पष्ट होतो. अधिपरिचारिका या पदासाठी तीन वर्षांची पदविका आणि चार वर्षांची पदवी दोन्ही चालतात. तेथून परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका असा प्रवास प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेच्या आधारे होतो. मानसिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला अस्थिरोग वॉर्डात ड्युटी लागली, तरी त्यात नियमबाह्य असे काहीच नसते. वेतन, अधिकार आणि जबाबदारी या तिन्ही बाबतींत वॉर्डातील तिचे स्थान पदविकाधारक सहकाऱ्यापेक्षा फारसे वेगळे राहत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला नाही, असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. त्यातील बहुतांश काळ प्रत्यक्ष रुग्णांजवळ जातो. ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीत आवश्यक तपासण्या सांगणे व औषधे देणे, ही या अभ्यासक्रमामागील कल्पना आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ मध्येही नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आहे. परंतु अभ्यासक्रम आला, तरी त्याला साजेसे पद सेवा नियमांत सर्वत्र आले नाही. औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार औषध नियमांनुसार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांकडे आहे. त्यामुळे या परिचारिकेने काय करायचे, हे त्या-त्या रुग्णालयाच्या मर्जीवर अवलंबून राहते.

डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप सर्वस्वी गैरलागू नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील मर्यादित परवान्याच्या कलमाला इंडियन मेडिकल असोसिएशनने तीव्र विरोध केला होता. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती रुग्ण सोपविले जातील, ही त्यामागील भीती होती. येथे मात्र प्रश्न पदवी, अनुभव आणि दोन वर्षांचे निवासी प्रशिक्षण असलेल्या परिचारिकांचा आहे. मध्यरात्री रुग्णाचा रक्तदाब घसरतो, तेव्हा खाटेजवळ तीच असते. निवासी डॉक्टर येईपर्यंतच्या मिनिटांत तिने काय करावे, हे लेखी ठरलेले नसेल, तर रुग्ण आणि परिचारिका दोघेही असुरक्षित राहतात. २०२० च्या करोना साथीत व्हेंटिलेटर खरेदी करता आले. ते हाताळणाऱ्या परिचारिका मात्र रातोरात घडविता आल्या नाहीत, हा अनुभवही ताजा आहे.

आधी पद आणि मग अभ्यासक्रम, असा क्रम ठेवला तर काय होते, याचे उदाहरण ग्रामीण आरोग्य व्यवस्थेत सापडते. २०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले, कामाची यादी ठरली आणि त्यासाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र शिक्षण देण्यात आले. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांबरोबर परिचर्या पदवीधरही या पदावर काम करू लागले. कंत्राटी नेमणुकीचे दुखणे तेथेही आहेच. पण शिक्षणाला ठराविक काम मिळाले, हे नाकारता येणार नाही.

अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातून नर्स प्रॅक्टिशनरची संकल्पना पुढे आली, ती बालरोग सेवेतील डॉक्टरांच्या टंचाईतून. आज तेथील सर्व राज्यांत कमी-अधिक मर्यादेत त्यांना औषधे लिहून देता येतात. भारताने तेथील नियम जसेच्या तसे उचलण्याची गरज नाही. १९४७ च्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत केला. त्यातून राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर नवी नियामक रचना अपेक्षित आहे. या रचनेच्या यशाचे मोजमाप महाविद्यालयांच्या संख्येवरून करून चालणार नाही. किमान वैद्यकीय महाविद्यालयांच्या अतिदक्षता विभागांत तरी स्वतंत्र पद, लेखी अधिकारकक्षा आणि त्यानुसार वेतनश्रेणी निश्चित होणे आवश्यक आहे. अन्यथा अधिक शिकलेली परिचारिका वर्गखोली किंवा परदेश, यांपैकी एकाची वाट धरील आणि रुग्णाची खाट होती तेथेच राहील.