कुत्रं आहे? मग नाही जमणार!

"फॅमिली की बॅचलर?"
"स्टुडंट्स. तीन मुली."
"चालेल. व्हेज ना? अजून कोणी येणार राहायला?"
"एक कुत्री आहे."
फोन कट.

मे महिन्यात आम्ही असे निदान तीस फोन केले असतील. ओरल्सच्या आठवड्यात मेसच्या मागे एक पिल्लू सापडलं, म्हणून तिचं नाव वायवा. रेक्टर मॅडमनी सेम संपेपर्यंत डोळेझाक केली, हेच खूप झालं. पुढे फ्लॅट बघणं भागच होतं.

पुण्यात आपल्या खिशाला परवडणारं म्हणजे नऱ्हे, आंबेगाव, धायरी, फार तर वारजे. त्यात दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि वर एका महिन्याचं भाडं एजंटला. कुत्रं म्हटलं की एकतर सरळ नाही, नाहीतर भाडं दोन हजारांनी वर. बाणेर-बालेवाडीकडच्या टॉवर्समध्ये चालतात म्हणे कुत्री. पण तिथलं भाडं कुत्र्याला परवडेल, आम्हाला नाही.

सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीचा रूल आहे." माझ्या मते ही बहुतेक वेळा पळवाट असते. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत स्पष्ट म्हटलंय की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, अगदी बहुमताने ठराव केला तरी नाही. पुढे २०२१ मध्ये केरळ हायकोर्टानेही अशी बंदी बेकायदेशीर ठरवली. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही, पण सेक्रेटरी काकांना दाखवायला कामाला येतो.

मात्र घरमालकाचं वेगळं. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, घर त्याचं. कुत्रं असलेला भाडेकरू नको म्हणाला तर आपण काय करणार? आणि खरं सांगू, मला त्याचा फारसा रागही येत नाही. कारण आपण स्टुडंट लोक!

आमच्या एका सीनियरने मांजर लपवून ठेवलं होतं. मालक आला की मांजर बॅगेत. शेवटी जाळीचे दरवाजे फाटलेले सापडले, डिपॉझिट गेलंच, आणि त्या मालकाने पुढे स्टुडंट्सना घर देणंच बंद केलं. त्याहून वाईट म्हणजे जून महिना. फायनल इयरची पोरं गावी जातात, आणि कॉलेजच्या आसपास गळ्यात पट्टा असलेली कुत्री गेटपाशी बसलेली दिसतात. जनावर असं उपाशी-तहानेलं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण टपरीवर बिस्किटं घालणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ते माहीत असतं?

त्यामुळे लपवाछपवी नको, असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच फोनवर सांगायचं, भले तीस वेळा फोन कट होवो. रेबीजच्या लसीचं कार्ड आणि महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स बरोबर न्यायचं. गयावया करण्यापेक्षा या दोन कागदांनी आमचं काम जास्त झालं. आणि होकार मिळाला की तो ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्यायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर्ड असावंच लागतं, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. "राहू दे हो, तोंडी ठरलंय" म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. सहाव्या महिन्यात तोच म्हणेल, "कुत्र्याचं कुठे ठरलं होतं?"

एकतिसावा फोन नऱ्ह्यातल्या एका काकूंचा निघाला. तळमजला, वन बीएचके. त्यांनी कार्ड बघितलं, वायवाकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचं शिक्षण संपल्यावर हिचं काय?"

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत बसलो. लसीचं कार्ड होतं, लायसन्स होतं, ह्याचं उत्तर मात्र कोणाकडेच नव्हतं. काकू म्हणाल्या, "ठरवा आणि मग या. घर दोन दिवस ठेवते." त्या रात्री साताऱ्याच्या रूममेटने घरी फोन लावला. तिच्या बाबांचा होकार यायला दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही टोकन दिलं.